पट्टा टिकला की हात वाचतो

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर. वक्त्या १९९६ च्या दहावीच्या तुकडीतील माजी विद्यार्थिनी असून मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या पदवीधर व सॉफ्टवेअर इंजिनिअर आहेत.)



समितीचा फोन आला तेव्हा ‘संगणक युगातल्या संधी’ असा विषय सुचवला होता. त्यावर इथं पुढच्या रांगेत बसलेली आठवीतली मुलंसुद्धा माझ्यापेक्षा बरं बोलतील. म्हणून मी विषय बदलून मागितला आणि समितीनं मोठ्या मनानं तो दिला. मी आज पट्ट्यावर बोलणार आहे. पिठाच्या गिरणीत, कडबाकुट्टीवर, हडंब्यावर, कारखान्यातल्या कॉम्प्रेसरवर जो फिरतो तो पट्टा. दुकानात आपण त्याला बेल्ट म्हणतो.

सॉफ्टवेअरवालीचा पट्ट्याशी काय संबंध, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. माझी पदवी मेकॅनिकलची, नोकरी सॉफ्टवेअरची. मी ज्या प्रोग्रॅमवर काम करते तो यंत्र बनवणाऱ्यांना सांगतो, की इतक्या ताकदीची मोटर, इतके फेरे आणि दोन पुल्यांमध्ये इतकं अंतर असेल तर कुठला पट्टा घ्या, किती घ्या, पुली केवढी ठेवा आणि पट्टा साधारण किती तास चालेल. म्हणजे दिवसभर मी खुर्चीवर बसून पट्टे थकवते. खरा पट्टा हातात घेणारे मात्र तुम्ही आहात. इथं गिरणीवाले आहेत, हडंबा भाड्यानं देणारे आहेत, कारखान्यात देखभालीचं काम करणारे आहेत, आणि बहुतेकांच्या घरी शेती आहे. म्हणून हा विषय.

आधी पट्टा काम कसं करतो ते पाहू. जुन्या गिरणीत रुंद, सपाट पट्टा असायचा. तो पुलीच्या अंगावर नुसता टेकलेला असतो आणि घर्षणावर ओढतो. अमेरिकेत डेन्व्हरला १९१७ मध्ये जॉन गेट्स यांनी रबर आणि धाग्यांचा व्ही-पट्टा बनवला आणि चित्र पालटलं. व्ही-पट्टा पुलीच्या खाचेत दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा रुततो. खाचेचा कोन साधारण ३४ ते ३८ अंशांचा असतो. लाकूड फोडताना पाचर जशी दोन्हीकडे दाबते, तसा हा पट्टा खाचेच्या भिंती दाबतो. त्यामुळं तेवढ्याच ताणात त्याला सपाट पट्ट्याच्या जवळजवळ तिप्पट पकड मिळते. यातून घरी न्यायची एक गोष्ट अशी, की पकड भिंतींवर असते, तळावर नसते. खाच झिजून पट्टा खाली बसला आणि खाचेचा तळ चकाकू लागला, तर नवा पट्टा घालून उपयोग नाही. बदलायला पुली हवी.

आता पट्टा आडवा कापू. बाहेरून काळा, सरळ दिसणारा हा पट्टा आत चार-पाच वस्तूंचा बनलेला असतो. ओढ सोसतात ते दोर. पूर्वी ते सुती असत, मग रेयॉनचे आले, आता बहुतेक पॉलिएस्टरचे असतात आणि जिथं फार ताकद लागते तिथं अरामिडचे. अरामिडपैकी सगळ्यांना माहीत असलेलं नाव केव्हलार. ते १९६५ मध्ये ड्युपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनातून निघालं. त्यांनी बनवलेलं द्रावण पातळ आणि गढूळ होतं. नेहमीच्या अनुभवानं पाहिलं तर फेकून देण्यासारखंच. त्यांनी आग्रह धरून त्याचा धागा काढायला लावला, म्हणून तो जगाला मिळाला. पुढच्या रांगेतल्या मुलींनी हे नाव वहीत लिहून ठेवावं.

हे दोर कुठं ठेवायचे, यातही विचार आहे. पट्टा पुलीवर वाकतो तेव्हा त्याचा वरचा थर ताणला जातो आणि खालचा थर दाबला जातो. मधे एक पातळी अशी असते, की वाकल्यामुळं तिथं ताणही येत नाही आणि दाबही येत नाही. दोर त्या पातळीवर ठेवतात, म्हणजे त्यांना फक्त ओढायचं काम राहतं. खालच्या रबरात बारीक, आखूड धागे मिसळतात आणि ते पट्ट्याच्या रुंदीत आडवे लावतात. त्यामुळं पट्टा आडवा ताठ राहतो, खाचेत चेपत नाही, आणि लांबीत मात्र सहज वाकतो.

वरून जे कापड गुंडाळतात, ते धाग्याच्या दिशेनं सरळ कापत नाहीत. शिवणाच्या तासाला बाईंनी आम्हाला उरेब पट्टी कापायला शिकवली होती. गळ्याला सरळ पट्टी लावली तर ती चुण्या पाडते, उरेब लावली तर वळणावर छान बसते. पट्ट्याचं कापड त्याच कारणासाठी तिरपं असतं. बाई इथं आहेत म्हणून सांगते, तुमचा तो तास मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कामी आला.

आणि या सगळ्यांना धरून ठेवतो तो चिकटपणा. पॉलिएस्टरला रबर आपणहून चिकटत नाही. म्हणून दोर आधी रेसॉर्सिनॉल, फॉर्माल्डिहाइड आणि लॅटेक्स यांच्या मिश्रणात बुडवून भाजून घेतात. हे काम कच्चं राहिलं, तर उत्तम दोर आणि उत्तम रबर एकमेकांपासून सुटतात. पट्टा फुगतो, सोलवटतो. दिसताना रबर गेलेलं दिसतं, खरं तर मधली सांधणूक गेलेली असते.

आता थोडं गणित. सर, घाबरू नका, फळ्याची गरज पडणार नाही. ५ एचपीची मोटर घेऊ, मिनिटाला १४४० फेरे आणि १०० मिलिमीटरची, म्हणजे चार इंची पुली. पट्ट्याचा वेग येतो सेकंदाला साडेसात मीटर. एवढी ताकद पोचवायला पट्ट्यांच्या दोन बाजूंमध्ये सुमारे ५० किलोच्या ओढीचा फरक लागतो. आता दोन्ही पुल्या त्याच प्रमाणात मोठ्या करू, चारऐवजी सहा इंची. वेग वाढतो आणि ओढ ५० वरून साधारण ३३ किलोवर येते. मोटर तीच, काम तेच. पट्ट्यावरचा भार एक तृतीयांशानं कमी.

दुसरं गणित वाकण्याचं. ए-६० हा पट्टा आपल्याकडच्या दुकानात सहज मिळतो. ए हा त्याचा छेद, रुंदी १३ मिलिमीटर. ६० ही इंचात आतली लांबी. तो त्या चार इंची पुलीवर सेकंदाला जवळजवळ पाच चकरा मारतो. प्रत्येक चकरेत दोन पुल्यांवर दोनदा वाकतो आणि दोनदा सरळ होतो. तासाला सुमारे ३५ हजार वेळा वाकणं झालं. दहा तासांच्या दिवसात साडेतीन लाख. वीस दिवसांच्या सुगीत सत्तर लाख. तार हातानं इकडून तिकडं वाकवून आपण तोडतो ना? ती ओढून तुटत नाही, वाकवून वाकवून थकते. पट्ट्याचंही तेच आहे. तो बहुतेक वेळा ओढीनं मरत नाही, थकव्यानं मरतो. पुली जितकी लहान, तितकं वाकणं तीव्र आणि थकवा कितीतरी लवकर. जागा वाचवायला, चार पैसे वाचवायला बसवलेली लहान पुली पुढं पट्ट्यांच्या बिलातून वसूल होते.

तिसरी गोष्ट उष्णता. वाकण्यात थोडी ऊर्जा उष्णता बनते. पट्टा घसरला तर फार जास्त बनते. पट्ट्याचं आतलं तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. पुलीला हात लावून पाहिला, अर्थात यंत्र बंद करून, आणि चटका बसला, तर तो पट्टा आपलं उरलेलं आयुष्य झपाट्यानं खर्च करतोय असं समजा.

मग एवढं सगळं कळल्यावर सर्वांत जाड, सर्वांत ताकदवान पट्टा का बसवू नये? इथं कारखाना आणि शेत यांत फरक पडतो. सूतगिरणीतला पंखा रात्रंदिवस एकाच चालीनं फिरतो. भार ठरलेला, आजूबाजूला छप्पर. तिथं शत्रू म्हणजे उष्णता आणि तेल. म्हणून तेलाला नैसर्गिक रबरापेक्षा चांगलं तोंड देणारं निओप्रीनसारखं कृत्रिम रबर वापरतात.

हडंबा वर्षातून काही आठवडे चालतो, पण ते आठवडे वादळी असतात. धूळ, भुसा, ऊन, आणि मधेच ओल्या सोयाबीनचा भारा ड्रममध्ये अडकतो. त्या क्षणी भार एकदम कित्येक पटींनी उसळतो. तेव्हा पट्ट्यानं क्षणभर घसरायलाच हवं, घरातल्या फ्यूजसारखं. अजिबात न घसरणारा, न ताणणारा पट्टा बसवला, तर तो झटका पुढं जातो आणि चावी कापली जाते, शाफ्ट वाकतो, बेअरिंग फुटतं. कम्बाईन हार्वेस्टरमध्ये तर काही पट्टे क्लचचंच काम करतात. आयडलर दाबला की पकड, सोडला की मोकळे. आयडलर बाहेरून दाबत असेल तर पट्टा उलटाही वाकतो. म्हणून शेतीयंत्रांसाठी वेगळे पट्टे बनवतात आणि त्यांच्यावर एचए, एचबी, एचसी अशी खूण असते. रुंदी साध्या ए, बी, सी पट्ट्यांइतकीच, दिसायलाही तेच. आतली बांधणी झटके, घसरण आणि उलटं वाकणं सोसण्यासाठी केलेली. दुकानदार ‘एकच आहे, घेऊन जा’ म्हणाला, तर एकदा खूण वाचा.

इथवर मी पट्ट्याचं बोलले. आता हाताचं बोलते.

आपल्या तुकडीतला एकजण आज इथं बसलेला आहे. त्याची परवानगी घेऊन सांगते, नाव सांगणार नाही. दहावीनंतर तीन-चार वर्षांत त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. ड्रमनं नाही, पट्ट्यानं. पट्टा घसरत होता, पाऊस येण्याची भीती होती, भारे उघड्यावर होते. चालू पट्ट्यावर राळ टाकली की तो थोडा वेळ पकडतो, हे सगळ्यांना माहीत होतं. तो राळ टाकायला वाकला. जाळी होती, पण ती त्या आठवड्यात चारदा काढावी लागली होती आणि चौथ्यांदा कुणी परत बसवली नव्हती.

मी वर सांगितलेला वेग आठवा. सेकंदाला साडेसात मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर. काहीतरी चुकतंय हे कळून हात मागं घ्यायला माणसाला चांगल्या परिस्थितीतही पाव सेकंद लागतो. तेवढ्यात पट्टा पावणेदोन मीटरच्या पुढं गेलेला असतो. पट्टा पुलीत शिरतो ती जागा हातभर अंतरावर असते. चपळाईचा इथं काही संबंध नाही. बायकांच्या पदराला, ओढणीला, सैल बाहीला तर तेवढाही वेळ मिळत नाही.

कायद्याला हे जुनंच ठाऊक आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात चालू पुलीवरच्या पट्ट्याला हात लावण्याबद्दल वेगळ्या अटी घातल्या होत्या. काम खास प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारानंच करायचं, अंगावर घट्ट कपडे हवेत, आणि पट्टा १५ सेंटिमीटरपेक्षा रुंद नसावा. हे झालं कारखान्याच्या भिंतीआड. शेतातल्या मळणी यंत्रांसाठी संसदेनं १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम केला. यंत्रावर काम करताना जीव किंवा अवयव गमावणाऱ्यांना भरपाई मिळावी, ही त्यातली एक मुख्य तरतूद. कायदा आहे. पण भरपाईचा कायदा बोटं गेल्यानंतर सुरू होतो. मला त्याच्या आधीचं बोलायचं आहे.

पट्टा टिकाऊ असावा असं आपण म्हणतो तेव्हा मनात हिशोब रुपयांचा असतो. सुगीच्या दिवसांत यंत्र बंद पडणं परवडत नाही, हेही खरंच. माझ्या मनात मात्र गेली काही वर्षं वेगळा हिशोब आहे. पट्टा जितक्या वेळा घसरतो, ओरडतो, उतरतो, तितक्या वेळा कुणाचा तरी हात त्याच्याजवळ जातो. जितक्या वेळा जाळी उघडावी लागते, तितकी ती कायमची उघडी राहण्याची शक्यता वाढते. टिकाऊ पट्टा म्हणजे कमी वेळा उघडलेली जाळी. पट्टा किती तास चालला यापेक्षा, त्या तासांत हात किती वेळा जवळ गेला, हे माप मला खरं वाटतं.

हे माप धरलं की रचना करण्याची पद्धत बदलते. पुली थोडी मोठी ठेवावीशी वाटते. ताण द्यायचा बोल्ट जाळीच्या बाहेर आणावासा वाटतो, म्हणजे जाळी न काढता पट्टा कसता येईल. जाळी बोट शिरणार नाही इतकी बारीक पण वारा जाईल अशी करावीशी वाटते, कारण पत्र्याच्या बंद डब्यात पट्टा तापतो आणि मग पुन्हा डबा उघडावा लागतो. आणि ती बिजागरीवर बसवावीशी वाटते. सहा बोल्ट काढून ज्यानं घाईत काम केलं, तो सहा बोल्ट परत लावत नाही. त्यात त्याचा आळस नसतो, वेळ नसतो. आमच्या प्रोग्रॅममध्ये पूर्वी पट्ट्याचा ताण आणि तपासणीचं वेळापत्रक अहवालाच्या शेवटच्या पानावर छापलं जायचं. आता ते पहिल्या पानावर, पट्ट्याच्या नंबरच्या लगेच खाली येतं. एवढा बदल करून घ्यायला मला चार बैठका लागल्या, पण झाला.

प्रोग्रॅम जे तास सांगतो, ते काही गोष्टी गृहीत धरून सांगतो. पुल्या एका रेषेत आहेत, ताण बरोबर आहे, खाच झिजलेली नाही. या गोष्टी संगणकाला दिसत नाहीत, तुम्हाला दिसतात. म्हणून पाच कामं सांगते. सगळी यंत्र बंद करून, आणि ट्रॅक्टर असेल तर त्याची चावी आपल्या खिशात ठेवून करायची.

एक, दोन्ही पुल्यांच्या बाजूवरून दोरी ताणून धरा. पुल्यांच्या कडा सारख्या जाडीच्या असतील तर दोरी चारही ठिकाणी टेकली पाहिजे. न टेकल्यास पुल्या तिरप्या आहेत आणि पट्टा एका बाजूनं झिजणार.

दोन, ताण अंदाजानं ठरवू नका. दोन पुल्यांच्या मधल्या मोकळ्या भागावर, बरोबर मध्यावर, बनवणाऱ्याच्या तक्त्यातल्या जोरानं दाबल्यावर पट्टा दर मीटरला १६ मिलिमीटर दबावा. अर्धा मीटर अंतर असेल तर ८ मिलिमीटर. ढिला पट्टा घसरतो आणि जळतो. फार कसलेला पट्टा बेअरिंग खातो. नवा पट्टा पहिल्या काही तासांत सैल होतोच, तेव्हा पहिल्या दिवशी एकदा पुन्हा तपासा.

तीन, तीन पट्ट्यांची जोडी असेल तर तिन्ही एकदम बदला. दोन जुने आणि एक नवा असेल, तर सगळा भार नव्यावर येतो.

चार, पट्टा पहारीनं किंवा स्क्रूड्रायव्हरनं पुलीवर चढवू नका. मोटर पुढं सरकवा, पट्टा हातानं घाला, मग मोटर मागं घ्या. पहारीनं आतले कडेचे दोर तुटतात. बाहेरून काही दिसत नाही आणि आठ दिवसांनी पट्टा उलटतो. मग आपण कंपनीला शिव्या देतो.

पाच, राळ बंद. राळ लावावी लागते याचा अर्थ ताण, पुली किंवा पट्टा यांपैकी काहीतरी बिघडलंय. ते दुरुस्त करा. सुगी संपल्यावर ताण सैल करा, आणि सुटे पट्टे उन्हात खिळ्याला न टांगता थंड, अंधाऱ्या, उंदरांपासून सुरक्षित जागी ठेवा.

आता समितीसमोर एक मागणी ठेवते. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून काय करावं, यावर सकाळी बरीच चर्चा झाली. कमान, रंगकाम, डिजिटल फळा. सगळं चांगलं आहे. त्यातला छोटा हिस्सा या कामाला द्यावा. सोयाबीनच्या काढणीआधी, सप्टेंबरात, दोन रविवार शाळेच्या मैदानात आसपासच्या गावांतले हडंबे आणि कडबाकुट्ट्या बोलवू. आपल्यात वेल्डिंगचं वर्कशॉप असणारे तिघं आहेत. आयटीआयमध्ये शिकवणारे एक सर आहेत. प्रत्येक यंत्राच्या पुल्यांची रेषा तपासू, ताण तपासू आणि जिथं जाळी नाही तिथं बिजागरीची जाळी बसवू. नववी-दहावीची मुलंमुली दोरी आणि पट्टी घेऊन मापं घेतील. विज्ञानाच्या पुस्तकातलं घर्षण त्यांना त्या दिवशी जितकं कळेल तितकं एरवी वर्षभरात कळणार नाही. त्यांना यंत्राजवळ कधी जायचं आणि कधी अजिबात जायचं नाही, हेही कळेल.

मापांचा तक्ता आणि हिशोबाचा साधा प्रोग्रॅम मी मराठीत करून देते, फोनवर चालेल असा. दोन्ही रविवारी मी स्वतः येईन. ज्या मित्राबद्दल मी मघाशी बोलले, त्यानं कालच सांगितलंय की पहिल्या रविवारी पहिला हडंबा त्याचा असेल. जाळीचे पैसे तो स्वतः देणार आहे, निधीतून घेणार नाही. ज्यांना या कामात यायचं असेल त्यांनी जेवणाआधी नोंदणीच्या टेबलावर नाव लिहावं. वही तिथं ठेवली आहे, पेनही बांधून ठेवलंय.